उसनी पावलं

शैलजाबाईंनी जोंधळ्याची पिशवी ओढणीने पोटाला करकचून बांधली, डावा खांदा जरासा खाली सोडला आणि स्नेहलच्या हॉलमध्ये फेऱ्या मारायला सुरुवात केली. बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून जेवणाच्या टेबलाला वळसा, परत बाल्कनी. स्नेहल पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि दबक्या आवाजात सूचना देत होती. दबकायचं खरं तर कारण नव्हतं. यंत्राला बोलणं कळत नव्हतं, फक्त पावलं कळत होती. पण लबाडी करताना माणूस आपोआपच कुजबुजतो.

"टाच आधी टेक," स्नेहल म्हणाली. "मी टाच आपटत चालायची. बाबा म्हणायचे, जमिनीशी भांडण झाल्यासारखी चालतेस."

"मला शिकवू नकोस. उभा जन्म तुझी चाल बघतेय मी."

ही बढाई नव्हती. शैलजा चौगुले सांगलीतल्या मुलींच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून येणारी मुलगी तोंड दिसायच्या आधी चालीवरून ओळखायची, ही त्यांची ख्याती. स्नेहल आरवाडे ही एका साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेली. दोघी विश्रामबागेतल्या एकाच इमारतीत राहत. शैलजाबाई दुसऱ्या मजल्यावर आणि स्नेहल बरोबर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या. दोघींचे नवरे गेले होते आणि मुलांकडे जाऊन राहायला दोघींनीही साफ नकार दिला होता. शैलजाबाईंची लेक ऋता पुण्याच्या घरात आईसाठी एक खोली सजवून बसली होती. शैलजाबाई दरवर्षी तिथं आठवडाभर राहायच्या, नातवंडांचे लाड करायच्या आणि सुटल्यासारख्या परत यायच्या. आपल्या दाराचं कुलूप आपल्या हाताने उघडायचं, आपल्या मनाला येईल तेव्हा चहा टाकायचा, एवढंच त्यांना उरलेल्या आयुष्याकडून हवं होतं.

मागणं साधं, पण ते भलतंच महागलं होतं. पूर्वी घरकामाला बाई मिळत नाही ही तक्रार लोक हौसेने करायचे. आता बाई खरोखरच मिळत नव्हती. म्हातारी माणसं गल्लोगल्ली रग्गड. त्यांना आंघोळ घालणारे, हाताला धरून उठवणारे तरुण हात मात्र थोडे, आणि त्यांतलेही बरेच परदेशातल्या दवाखान्यांनी उचलले होते. पूर्णवेळ माणूस ठेवायचं तर शैलजाबाईंची अख्खी पेन्शन घालूनही भागलं नसतं. म्हणून इमारतीतल्या आठ घरांनी मिळून भिशी काढली. पैशांची नाही, तासांची.

एका कंपनीकडून महिन्याचे तास आठ घरांत मिळून घ्यायचे आणि प्रणाली नावाची मदतनीस आळीपाळीने सगळीकडे जाणार, अशी योजना होती. भिशीच्या प्रमुख अर्थातच शैलजाबाई. शिट्टी हातातून गेली तरी सवय जात नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे सगळे जमायचे, भडंग आणि चहा व्हायचा, आणि भिशीत नड असलेल्याला आधी उचलू देतात तशी देवघेव चालायची. माझं भागतंय, माझे चार तास जोगळेकरांना द्या. मला पुढच्या महिन्यात द्या, आता नकोत. सगळ्यांत जास्त तास शैलजाबाईच सोडायच्या. प्रमुखानेच हात पुढे केला तर कसं दिसेल, असं त्यांना वाटायचं. अंग दुखत असलं तरी त्या तास सोडायच्या.

मग कंपनीने दर वाढवले आणि वाटणी यंत्राकडे दिली.

यंत्राचं कंपनीतलं नाव पदश्रवण असं भारदस्त होतं. इमारतीत सगळे त्याला उंदीर म्हणायचे. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं बसवलेली सुपारीएवढी करडी डबी. भूकंप टिपायला जमिनीत जी उपकरणं पुरतात, त्यांच्याच कुळातली. आपण पाऊल टाकतो तेव्हा फरशी थरथरते. ती थरथर आपल्याला कळत नाही, पण डबीला कळते. टाच कधी टेकली, चवडा कधी सुटला, भार किती पडला, या पायावरून त्या पायावर जायला किती वेळ लागला, हे सगळं ती टिपून घेते. कुठल्याही दोन माणसांची चाल सारखी नसते, त्यामुळे घरात पाहुण्यांची झुंबड असली तरी यंत्र घरमालकाची पावलं बरोबर वेगळी काढतं. कॅमेरा नाही, आवाज टिपणं नाही, म्हणून लोकांनी ते खुशीने बसवून घेतलं.

खरी करामत त्याच्या पुढची होती. माणसाचा तोल जायच्या कितीतरी आधी त्याच्या चालीतला नेम जातो. धडधाकट माणसाचं एक पाऊल मागच्या पावलासारखंच पडतं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचायला किंचित उशीर होऊ लागला, की प्रत्येक पाऊल थोडं निराळं पडू लागतं. ज्याचं त्याला ते जाणवत नाही, आणि डॉक्टरांसमोर तर आपण सगळेच ताठ चालतो. लाखो म्हाताऱ्यांच्या पावलांवर शिकलेलं हे यंत्र मात्र काही महिने आधीच सांगायचं, की या माणसाला पुढे किती आधार लागणार आहे. त्या आकड्याला आधारांक म्हणत. आधारांक जितका जास्त तितके प्रणालीचे तास जास्त. वाट्याला आलेले तास परत करायची मुभा होती, आणि शैलजाबाई ते दर महिन्याला सोडतच राहिल्या. पण तो साठच्या वर गेला की त्या माणसाने गट सोडायचा, नाहीतर आठही घरांनी दुप्पट दर भरायचा, असं करारात होतं. सही केली तेव्हा सगळे साठच्या बरेच खाली होते, त्यामुळे त्या कलमावर कुणी फार डोकं चालवलं नाही.

दिवाळीनंतर स्नेहलचा आकडा चढायला लागला. तिचे पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे, वळताना ती जागच्या जागी अडखळायची. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार मज्जातंतूंचा आहे, हळूहळू वाढणारा आहे, औषधाने रेटता येईल. आकडा सत्तावनवर आला त्या दिवशी स्नेहल अगदी शांतपणे म्हणाली, की जयसिंगपूरच्या रस्त्याला कंपनीचं निवासधाम आहे, ती तिथं जाईल. आठ घरांना तिच्यापायी भुर्दंड नको. शैलजाबाईंनी ते निवासधाम पाहिलं होतं. स्वच्छ होतं, माणसं वाईट नव्हती, आणि भिंतीला लावून पलंगांची ओळ होती. त्या ओळीत स्नेहलला बसलेली बघणं त्यांना शक्य नव्हतं. स्नेहल गेली तर वरच्या मजल्यावर कुणी नसेल, ही स्वतःची भीतीही त्यात होती, आणि ती त्यांनी स्वतःशी कबूलही केली.

त्यातून ही शक्कल निघाली. स्नेहल शैलजाबाईंपेक्षा वजनदार, म्हणून पोटाला जोंधळे. स्नेहलने दिवसभर घरात मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसून, चाकांवर फिरायचं, म्हणजे तिची पावलं फरशीवर पडणार नाहीत. आणि रोज सकाळ-संध्याकाळ शैलजाबाईंनी वर येऊन स्नेहलसारखं चालायचं. आताच्या नव्हे, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या.

शक्कल लागू पडली. आठवड्याभरात आकडा त्रेपन्नवर आला, मग एकोणपन्नासवर. त्या दिवशी दोघींनी बाहेरून बासुंदी मागवली. स्नेहल इतकी हसली की तिला ठसका लागला. आपण चालताना अशा दिसायचो हे तिला ठाऊकच नव्हतं म्हणे, नाहीतर लग्नाच्या वेळी तरी नीट चालली असती.

पुढचा महिना उजाडला आणि लबाडी अंगाशी आली. आधारांक उतरला म्हणजे गरज उतरली, असा यंत्राचा सरळ हिशेब. स्नेहलकडे रोज येणारी प्रणाली आता आठवड्यातून दोनदा, तेही घाईने, येऊ लागली. आंघोळ, कपडे बदलणं, औषधं, रात्रीचं जेवण, सगळं शैलजाबाईंच्या गळ्यात पडलं. सकाळी वर जायचं, स्नेहलची चाल चालायची, मग खऱ्या स्नेहलला बगलेत धरून न्हाणीघरात न्यायचं, खाली येऊन स्वतःचं आवरायचं, पुन्हा वर. लिफ्टची वाट बघायला त्यांना धीर नसायचा. रात्री पाठ टेकली की डोक्यात तेच चक्र फिरायचं. आज फेऱ्या कमी झाल्या का, वळताना पाय चुकला का, खुर्चीवरून उतरताना स्नेहलने पाय टेकला तो यंत्राला कळला का.

प्रणालीला सगळं कळायला फार दिवस लागले नाहीत. तिने पिशवीची ओढणी पाहिली, खुर्ची पाहिली आणि ओट्याशी भांडी घासता घासता विषय काढला.

"बाई, मला काय कळत न्हाई व्हय? काकू खुर्चीवर फिरत्यात, आन उंदराला वाटतंय त्या पळत्यात."

शैलजाबाईंनी घासलेली पातेली उचलून पालथी घातली.

"मी न्हाई सांगायची कुणाला. पण काकूंना धरायला माणूस लागतंय, आन तुमी तेच काढून घेतलंय. तुमी पडला म्हंजे?"

मी पडत नाही, असं शैलजाबाई तिला फटकारून म्हणाल्या. ड्रिलच्या बाईंचा तो आवाज ऐकून प्रणाली पुन्हा भांडी घासू लागली.

त्याच आठवड्यात शैलजाबाईंच्या फोनवर त्यांचा स्वतःचा आकडा आला. चोपन्न. त्यांना हसू आलं. त्यांचा आकडा तिशीच्या पुढे कधी गेला नव्हता. दिवसभर दुसरीची चाल चालल्यावर अंगात थोडी उतरणारच, त्यांनी मनाशी म्हटलं, खाली आल्यावर जरा लक्ष द्यायला हवं. पुढच्या आठवड्यात अठ्ठावन्न झाले आणि त्यांचं हसू मावळलं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि आपल्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. आता आपल्यासारखं चालायचं. त्यांनी पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबल्या. आपण टाच आधी टेकायचो की चवडा? हात किती हलायचे? शाळेतल्या हजारो मुलींच्या चाली त्यांना सांगता आल्या असत्या. स्वतःची चाल त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ताठ, शिट्टी वाजवून मुलींना रांगेत उभं करायच्या तशा. ते खोटं वाटलं. सैल चालून पाहिलं, तर डावा खांदा खाली गेला. त्या सोफ्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच पायांची भीती वाटली.

आकडा एकसष्ट झाला तेव्हा कंपनीचा निरोप आला. आठवड्याभराने माणूस येऊन प्रत्यक्ष चाचणी घेईल. आकडा कायम राहिला तर गटातून नाव कमी. निरोपाची प्रत ऋतालाही गेली. ती फोनवर रडली, रागावली आणि शेवटी म्हणाली की खोली तयार आहे, आता तरी ये. शैलजाबाईंनी तिला सांगितलं की यंत्रात काहीतरी बिघाड आहे.

सुटकेची वाट त्यांना दिसत होती, तेच तर अवघड होतं. चाचणीला येणाऱ्या माणसाला खरं सांगायचं. महिनोन्‌महिने मैत्रिणीची नक्कल केली, म्हणून चाल बिघडली. मग त्यांचा आकडा बहुधा सुधारला असता आणि स्नेहल त्याच दिवशी गटाबाहेर गेली असती. न सांगावं तर गट सुटणार, पुण्याला जावं लागणार आणि स्वतःचं घर जाणार. दोन दिवस त्या या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या. मग त्यांना आठवलं की यंत्र तेही ऐकतंय, आणि त्या मोडून पडल्यासारख्या खाली बसल्या. नाही सांगायचं, असं त्यांनी अखेर ठरवलं. स्नेहलला याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

पण प्रणालीला कंपनीतून निरोप कळला होता, आणि तिने स्नेहलला सांगितलं.

चाचणीच्या आदल्या दुपारी शैलजाबाई आडव्या झाल्या होत्या, तोच छतातून आवाज आला. घासत येणारा एक पाय, मग दुसरा. थांबणं. पुन्हा घासणं. वळताना जागच्या जागी टकटक, टकटक, वाट न सापडल्यासारखी. यंत्र नसतानाही त्यांनी ती पावलं ओळखली असती. स्नेहल चालत होती. खुर्ची सोडून, खुल्या फरशीवर, मुद्दाम.

शैलजाबाई अनवाणी जिना चढून वर गेल्या. किल्ली त्यांच्याकडे होती. स्नेहल भिंतीला धरून हॉलच्या मध्यावर आली होती, चेहरा घामाने डबडबलेला.

"बस खाली," शैलजाबाई ओरडल्या. "सगळं घालवशील."

"घालवायलाच उठलेय." स्नेहलने पुढचं पाऊल ओढलं. "तू मला विचारलं नाहीस, शैले. तुझं घर माझ्यापायी द्यायचं हे तू एकटीने ठरवलंस. भिशीतले तास आहेत का ते?"

"पडशील."

"पडले तर पडले. माझ्या पायांनी पडेन."

शैलजाबाई धावत जाऊन तिला धरणार होत्या. हात पुढे झालाही होता. पण धरलं असतं तर पावलांचा हिशेब पुन्हा चुकला असता, आणि स्नेहलला तोच तर नीट करायचा होता. त्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या आणि मैत्रीण दमेपर्यंत तिला चालू दिलं. इतकं कठीण काम त्यांनी त्या सबंध वर्षात केलं नव्हतं. संध्याकाळी स्नेहलचा आकडा अडुसष्ट झाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. पंचविशीचा, अदबीने बोलणारा. त्याने शैलजाबाईंच्या हॉलमध्ये एक पातळ चटई अंथरली. स्नेहल प्रणालीचा हात धरून खाली आली आणि सोफ्यावर बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून शैलजाबाईंनी जोंधळ्याच्या पिशवीसकट सगळं सांगून टाकलं. माणूस आधी चकित झाला, मग त्याला हसू आवरेना, मग तो गंभीर झाला. त्याने मागच्या नोंदी उघडल्या आणि बराच वेळ बघत राहिला.

"आजी, तुम्ही वर चालायला कधी लागलात?"

"दिवाळीनंतर."

"तुमच्या डाव्या पायाच्या पावलांमध्ये फरक त्याच्या आधीपासून पडतोय. गणपतीच्या सुमारापासून. एरवी यंत्राने तेव्हाच सांगितलं असतं. पण ते पावलांबरोबर मदतीचे तासही बघतं, आणि तुमच्या नावावरचे तास तुम्ही दर महिन्याला परत करत होता. ज्याला मदत लागत नाही त्याची चाल तात्पुरती बिघडली असेल, असं त्याने धरलं." त्याने चटईकडे हात केला. "एकदा चाला. नक्कल नको, काही नको. नुसतं चाला."

शैलजाबाई चालल्या. चटईच्या टोकाला वळल्या, परत आल्या. स्नेहलने तोंडावर पदर धरला होता.

"स्नेहल, खरं सांग. तुझी चाल आहे ना ही?"

"नाही गं," स्नेहल म्हणाली. "माझी नाही. तुझीही नाही. म्हातारीची आहे."

शैलजाबाईंना राग आला, माणसाचा, डबीचा, भडंग खात खात सोडून दिलेल्या त्या सगळ्या तासांचा. मग राग विरला आणि फक्त थकवा राहिला. त्या स्नेहलशेजारी जाऊन बसल्या.

उपाय स्नेहलनेच काढला. कचेरीत हिशेब करून तिची हयात गेली होती. दोघी गटाबाहेर गेल्या, म्हणजे उरलेल्या सहा घरांचा दर वाढणार नाही. एकटीला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, पण दोघींनी एका घरात राहून दुसरं घर भाड्याने दिलं तर प्रणालीचा पूर्ण पगार निघतो. प्रणाली कंपनी सोडायला तयार होती. एकाच छपराखाली दोन म्हाताऱ्या सांभाळणं तिला आठ घरांचे जिने चढण्यापेक्षा बरं वाटत होतं.

कुठलं घर द्यायचं, हे बोलायची गरजच पडली नाही. स्नेहलच्या न्हाणीघरात आधाराच्या दांड्या होत्या, दारं खुर्चीच्या मापाने रुंद करून घेतलेली होती, आणि स्नेहलला नव्या जागेत वळायला जमलं नसतं. शैलजाबाईंना सगळं पटत होतं. पटत होतं म्हणूनच त्या रात्री त्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या. लेकीसाठी इतकी वर्षं जे घर सोडलं नाही, ते आता सोडावं लागत होतं. मग त्यांनी ऋताला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, की माझ्याकडे नाही आणि तिच्याकडे चालतं का? वर जायचं तर जिना एकच मजल्याचा आहे, एवढंच शैलजाबाई म्हणाल्या.

कंपनीच्या माणसाने दोन्ही घरांतल्या डब्या काढून नेल्या. खाली दोघंही नोकरी करणारं एक जोडपं राहायला आलं आणि शैलजाबाईंनी त्यांच्या हातात किल्ल्या ठेवल्या. कपाट, शिलाई मशीन आणि बक्षिसाच्या ढालींनी भरलेला एक खोका तिसऱ्या मजल्यावर चढला. प्रणालीने पहिल्याच दिवशी दोघींना दटावून वेळेवर औषधं दिली आणि ज्वारीची भाकरी, भरलं वांगं करून वाढलं. जेवताना गप्पा रंगल्या. फरशीला कान लावून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर स्नेहल खुर्ची सोडून, भिंतीला धरून, पाय घासत मुद्दाम दोनदा पाणी आणायला गेली. शैलजाबाईंचाही डावा पाय ओढत होता, आणि त्यांनी तो ओढू दिला. कितीतरी दिवसांनी त्यांचं मन थाऱ्यावर आलं होतं.

जेवण आटोपलं तशा शैलजाबाई उठल्या, हात धुतले, ओढणी सारखी केली आणि दाराशी जाऊन पायात चप्पल सरकवली.

"कुठं निघालीस गं?" स्नेहलने विचारलं.

"घरी," शैलजाबाई म्हणाल्या.

खालून नव्या माणसांच्या टीव्हीचा आवाज येत होता. शैलजाबाईंनी कडीवर ठेवलेला हात काढला, चप्पल काढून स्नेहलच्या चपलांशेजारी ठेवली, आणि परत येऊन टेबलावरची ताटं उचलायला लागल्या.